पिकाचा पैसा आणि पक्के घर

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले वाडवडील सांगत आले. ही दोन्ही कामे माणसाची परीक्षा पाहतात, एवढाच ह्या म्हणीचा अर्थ आपण सहसा घेतो. परंतु तिगाव, पांढुर्णा, सौंसर ह्या आपल्या मुलखात तिच्यातून आणखी एक अर्थ निघतो. येथे दोन्ही कामांचा पैसा एकाच ठिकाणाहून, म्हणजे शेतातून, यायचा असतो. आणि पुष्कळ घरांत तो एकाच वर्षी हवा असतो. अशा वेळी लग्न होऊन जाते आणि घर राहून जाते. मग पुढची दहा वर्षे दर उन्हाळ्यात कवेलू फेरायचे, पावसाळ्यात गळक्या जागी भांडी मांडायची, आणि मुलगा मोठा झाला की त्याच्या लग्नाआधी निदान एक खोली पक्की व्हावी म्हणून कोणापुढे तरी हात पसरायचा.

घर कसे शोभिवंत करावे, हा ह्या लेखाचा विषय नव्हे. बेताच्या उत्पन्नाच्या शेतकरी कुटुंबाला दोन पक्क्या खोल्या, जमीन न गमावता, बांधता किंवा विकत घेता येतील काय, एवढाच प्रश्न आहे. आमच्या मते येतील. मात्र त्यासाठी घराचा पैसा वर्षअखेरीस उरलेल्यातून काढण्याची आशा सोडून तो पीक विकले त्याच दिवशी बाजूला काढावा लागेल.

काटकसरीवरची बहुतेक पुस्तके पगारदारांसाठी लिहिलेली असतात. दर महिन्याला पगार घ्या, त्यातील दहावा भाग पेढीत ठेवा, असा त्यांचा उपदेश. बोरगावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणाऱ्या किंवा नागपुरास कामाला गेलेल्या मुलाला तो उपयोगी पडेल. त्याने तो जरूर ऐकावा. शेतकऱ्याच्या घरी मात्र महिना आणि उत्पन्न यांची गाठच पडत नाही. मृगाच्या पावसावर पेरलेल्या कपाशीची वेचणी दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होते आणि पौष-माघापर्यंत चालते. तूर तिच्या मागून येते. संत्र्याचे बहार दोन: जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा आंब्या बहार दिवाळीच्या आगेमागे तोडणीस येतो, आणि पावसाच्या आरंभी फुलणारा मृग बहार फेब्रुवारीपासून पुढे. एका झाडाकडून एका वर्षी बहुधा एकच बहार घ्यायचा असतो. म्हणजे वर्षातून दोनदा, फार तर तीनदा, हाती रक्कम पडते. तेलमिठाचा खर्च मात्र रोजचा.

ह्यातून घराघरांत एक विचित्र चाल पडली आहे. नोव्हेंबरात आपण श्रीमंत असतो आणि ऑगस्टात कर्जदार. हातात नोटांची जाडी आली की मोटारसायकल, मोठा दूरदर्शन संच, पाहुण्यांचा आहेर, नाताळचे कपडे, अशी सारी कामे त्या चार आठवड्यांत उभी राहतात. त्या दिवसांत कोणी खर्चाचा हिशेब काढला तर त्यालाच कंजूष ठरवितात! पुढे पोळ्याच्या सुमारास दुकानदाराची वही उघडते, आणि दिवाळीच्या पैशाचा पहिला घास तीच वही घेते. उत्पन्न कमी आहे, ही तक्रार खरी असली तरी पुरी खरी नाही. उत्पन्न ज्या वेळी येते त्या वेळी त्याची वाटणी होत नाही, हे अर्धे दुखणे आहे.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत. प्रत्येकाने त्यांच्या जागी आपले घालावेत. समजा, एका घरी चार एकर जमीन आहे. त्यांत एकभर एकरात संत्रा, बाकीत कपाशी आणि तूर. घरात नवरा-बायको, दोन मुले आणि म्हातारी आई. बियाणे, खत, फवारणी, मजुरी आणि पीककर्ज वजा जाता संत्र्याचे १,२०,००० रुपये आणि कपाशी-तुरीचे ९०,००० रुपये उरतात. दुधाचे महिन्याला ३,००० म्हणजे वर्षाचे ३६,०००. एकूण झाले २,४६,००० रुपये. घरखर्च महिन्याला ११,००० धरला तर वर्षाचे १,३२,०००, शाळेचे २०,०००, औषधपाण्याचे १२,०००, सणवार, कपडे आणि नात्यागोत्यातील लग्नकार्ये मिळून २५,०००. बेरीज १,८९,०००. शिल्लक राहते ५७,००० रुपये.

कागदावर ही शिल्लक दिसते, पण पेटीत सापडत नाही. ती सापडायची असेल तर रक्कम हाती आली त्या संध्याकाळी नवरा-बायकोने जमाखर्चाची वही घेऊन एकत्र बसावे. आधी देणे फेडावे. मग पुढच्या हंगामाचे बियाणे-खत बाजूला काढावे. मग पुढचे पीक येईपर्यंत किती महिने आहेत ते बोटांवर मोजून तितक्या महिन्यांचा घरखर्च वेगळा ठेवावा. तो बचत खात्यात ठेवून दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ठरलेलाच आकडा काढावा, जणू काही तो पगारच आहे. राहिलेल्या ५७,००० पैकी १७,००० रुपये वाईट वर्षासाठी आणि ४०,००० रुपये घरासाठी. ह्या दोन रकमा दोन निरनिराळ्या ठिकाणी असाव्यात. घराचा पैसा मुदत ठेवीत घालावा, म्हणजे सहज हात जाणार नाही. दुधाचा पैसा दरमहा येतो, त्यातून टपाल कचेरीत पाच वर्षांचे आवर्ती खाते चालविता येते. ते महिना १०० रुपयांपासूनही उघडता येते.

वही घरधनिणीच्या हाती असावी, असे आम्हांस वाटते. बाजाराचे भाव तिला ठाऊक असतात आणि तेलाचा डबा किती दिवस पुरला हे घरधन्याला कधीच सांगता येत नाही. लिहिण्याचा कंटाळा असेल तर शाळेतल्या मुलीकडून लिहवून घ्यावे. तिचे गणितही सुधारेल.

वाईट वर्षासाठी वेगळा पैसा कशाला, असे काही वाचक विचारतील. त्यांनी हा हिशेब पाहावा. पाच वर्षांत एखाद्या वर्षी फळगळ झाली, गारपीट आली किंवा भाव कोसळला आणि संत्र्याचे काहीच हाती लागले नाही, तर त्या वर्षी ५७,००० शिल्लक उरण्याऐवजी ६३,००० रुपयांची तूट येते. बाकीच्या चार चांगल्या वर्षांत १७,००० प्रमाणे ६८,००० जमलेले असतात. तूट त्यातून भागते, आणि घरासाठी साठविलेल्या १,६०,००० रुपयांना धक्का लागत नाही. वाईट वर्ष अगदी आरंभीच आले, तर घर एक-दोन वर्षे पुढे जाईल, इतकेच. ज्या घरी हा राखीव पैसा नसतो तेथे एका गारपिटीत विटांचा पैसा किराण्यात जातो, आणि पुन्हा घराचे नाव काढण्याचा धीर माणसाला उरत नाही.

आता ह्या ४०,००० च्या आकड्याकडे पुन्हा पाहू. पाच वर्षांनी १,६०,००० किंवा २,००,००० रुपये साठले, आणि दोन खोल्या व ओसरी यांचा गवंड्याने काढलेला अंदाज साडेतीन लाखांच्या आसपास गेला, तर उरलेले दोन लाख कर्जाऊ घ्यावे लागतील. बँकेचे दोन लाख, दर साल दर शेकडा ९ व्याजाने, सात वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता सुमारे ३,२१८ रुपये बसतो, वर्षाचे ३८,६१६. म्हणजे पाच वर्षे जी रक्कम आपण बाजूला काढीत होतो, तीच आता बँकेत जाईल. घरखर्चात एक पैसाही कमी करावा लागणार नाही. ज्या कुटुंबाने कर्ज घेण्यापूर्वीच हप्ता भरण्याची सवय केली, त्याला कर्जाचे भय नाही. आणि पाच वर्षांत जर ४०,००० कधीच बाजूला निघाले नसतील, तर कर्ज घेतल्यावर ते आकाशातून पडणार आहेत काय? बँकेचा अधिकारी काहीही म्हणो, आपल्याला किती कर्ज झेपेल ह्याचे उत्तर आपल्या वहीत आधीच लिहिलेले असते. वरील उदाहरणात हप्ता उत्पन्नाच्या सहाव्या हिश्शापेक्षा किंचित कमी आहे. लहान कर्जे देणाऱ्या संस्थांसाठी रिझर्व्ह बँकेने २०२२ साली अशी मर्यादा घातली की, कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. ही कायद्याची शेवटची रेघ झाली. पावसावर जगणाऱ्या घराने तिच्या जवळपासही जाऊ नये.

मुदत किती घ्यावी, हाही विचार करण्यासारखा प्रश्न आहे. हप्ता लहान दिसतो म्हणून लोक लांब मुदतीस भुलतात. पाच लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी दहा वर्षांत फेडले तर हप्ता सुमारे ६,३३४ आणि एकूण भरणा ७,६०,००० च्या घरात जातो. तेच पंधरा वर्षांवर नेले तर हप्ता ५,०७१ होतो, पण एकूण भरणा ९,१२,००० च्या वर. महिन्याला तेराशे रुपये कमी भरण्याचे मोल दीड लाख! शिवाय आपले उत्पन्न हंगामी असल्याने हप्ता दरमहाऐवजी सहामाही ठरवून मिळेल काय, हे अर्ज करतानाच विचारावे. संत्रा किंवा कापूस विकल्यावर जादा रक्कम भरून मुद्दल कमी करता येईल ना, हेही विचारून घ्यावे. न विचारणाऱ्याला कोणी आपण होऊन सांगत नाही.

आपल्या भागात सर्वांत अधिक घरे ज्यामुळे अडचणीत येतात, ती गोष्ट आता सांगितली पाहिजे. फळ लिंबाएवढे झाले की व्यापारी बगीचा पाहायला येतात, अंदाजाने सौदा होतो, थोडा इसार हातात पडतो आणि बाकीची रक्कम तोडणीच्या वेळी द्यायची ठरते. त्या दिवसापासून ती बाकीची रक्कम घरात आलीच आहे, अशा समजुतीने माणूस वागू लागतो. विटा सांगून ठेवतो, सळईवाल्याला शब्द देतो, जुने घर पाडतो. भाद्रपदात फळगळ होते. नागपूरच्या बाजारात भाव उतरतो. व्यापारी येऊन म्हणतो, माल ठरला तसा राहिला नाही, भाव कमी करा. जुने घर पाडलेले, बायकापोरे शेजाऱ्याच्या ओसरीवर, गवंडी मजुरी मागतो आहे. अशा माणसाने भाव कसा धरून ठेवावा? तो मिळेल तो भाव घेतो आणि उरलेल्या कामासाठी सावकाराकडे जातो. झाडावरच्या संत्र्यावर घर बांधू नये. तोडणी झाली, गाडी गेली, रक्कम खात्यात पडली, की मगच कुदळ मारावी.

सावकाराचा दर बोलण्यात हलका वाटतो. शेकडा तीन म्हणजे महिन्याला शंभराला तीन रुपये. त्यात काय मोठेसे, असे वाटते. पण एका लाखाचे वर्षाचे व्याज ३६,००० रुपये होते. वरील उदाहरणातील कुटुंब वर्षभर पोटाला चिमटा घेऊन जे ४०,००० वाचविते, ते जवळजवळ सारे एका लाखाच्या नुसत्या व्याजात जाईल आणि मुद्दल तसेच उभे राहील. ह्या वाटेने गेलेली शेते परत आलेली फारशी कोणी पाहिली नाहीत. पीककर्जाचा पैसा विटांत घालणे हीही चुकीची वाट. व्याजाची सवलत वेळेत फेडणाऱ्यालाच मिळते. विटांत अडकलेला पैसा वेळेवर परत येत नाही, सवलत जाते, आणि पुढच्या पेरणीला बँकेचे दार बंद होते.

व्याजाचा हा जाच काही आजचा नाही आणि आपल्याच मुलखापुरता नाही. जर्मनीत फ्रीडरिख राइफायझेन ह्या गृहस्थाने १८६४ साली हेडेसडॉर्फ गावी शेतकऱ्यांची पतसंस्था काढली. एकमेकांस ओळखणाऱ्या शेजाऱ्यांनी आपली लहानसहान बचत एकत्र करावी आणि त्यातूनच एकमेकांस कर्ज द्यावे, अशी तिची रीत होती. हिंदुस्थानात सहकारी पतसंस्थांचा कायदा १९०४ साली झाला. त्यानंतर चौदा वर्षांनी, १९१८ साली, वसईतील पापडी येथे मोन्सिन्योर पी. जे. मोनीस यांनी तेथील कॅथॉलिक गावकऱ्यांची अशीच पतसंस्था उभी केली. सावकाराच्या तावडीतून शेतकरी सुटावा, हा हेतू. तीच आजची बसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक. आपल्याच भाषेतील, आपल्यासारखीच वाडी-शेती करणारी माणसे ती. त्यांनी कोणा धनिकाची वाट पाहिली नाही. तिगावसारख्या गावी बँक काढणे शक्य नाही, हे खरे. परंतु बायकांचे बचत गट, ज्यांस आपल्या राज्यात सरकारी भाषेत स्वसहायता समूह म्हणतात, ते हेच काम लहान प्रमाणावर करतात. १९९२ साली नाबार्डने अशा गटांना बँकांशी जोडण्याचा उपक्रम सुरू केला. गटाचे कर्ज पायाच्या खर्चास किंवा शौचालयाच्या कामास पुरेल. सबंध घरासाठी ते नव्हे. आणि एकाच वेळी दोन-तीन गटांतून व कंपन्यांतून उचल करून एकीचा हप्ता दुसरीच्या पैशाने भरणे, हा प्रकार ज्या घरी सुरू झाला असेल त्यांनी घराचा विचार तूर्त थांबवावा.

दूर कॅनडातील एक हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. नोव्हा स्कॉशिया प्रांतात रिझर्व्ह माइन्स ह्या गावी कोळशाच्या खाणीत काम करणारी कुटुंबे कंपनीच्या घरांत भाडे भरून राहत असत. तेथील धर्मगुरू फादर जिमी टॉम्पकिन्स यांनी त्यांतील काही कुटुंबांस एकत्र आणले, आणि मेरी आर्नल्ड ह्या बाईंनी त्यांना घरबांधणीच्या हिशेबाचे धडे दिले. त्या मंडळींनी आधी महिनोन्महिने नुसता अभ्यास केला: कर्ज म्हणजे काय, गहाण म्हणजे काय, लाकूड किती लागते, विटा किती. आपापल्या घराचा पुठ्ठ्याचा नमुना करून पाहिला. खोली कोठे लहान पडते, दार कोठे अडते, हे कागदावर न कळणारे त्यांना पुठ्ठ्यावर कळले. मग खाणीतील पाळी संपवून त्यांनी स्वतः भिंती उभारल्या, आणि १९३८ साली ती लहानशी वसाहत तयार झाली. तिला टॉम्पकिन्सव्हिल असे नाव पडले. अंगमेहनत हाही पैसाच आहे, हे आपल्या शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको. पाया खणणे, पाणी मारणे, रेती-गिट्टी उचलणे ही कामे घरची माणसे आणि सोयरे मिळून करू शकतात. आपण कमी पडतो तो आधीच्या अभ्यासात. संत लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात बुरूज बांधू पाहणाऱ्याने आधी बसून खर्च मोजावा, असे प्रभूने सांगितलेले आपण सर्वांनी ऐकले आहे. ऐकून आपण घरी येतो आणि गवंड्याला विचारतो, उद्यापासून येतोस का?

सरकारी मदतीविषयी थोडे. खेड्यातील गरिबांसाठी १९८५ पासून इंदिरा आवास योजना होती. २०१६ पासून तिच्या जागी प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) आली, आणि २०२४ साली ती २०२८-२९ पर्यंत वाढविण्यात आली. सपाट प्रदेशात घरामागे १,२०,००० रुपयांची मदत ठरविलेली आहे. घर स्वयंपाकाची जागा धरून किमान २५ चौरस मीटर असावे लागते. पैसा हप्त्याहप्त्याने, काम जसे वर चढेल तसा, खात्यात येतो. शौचालयाचे १२,००० रुपये वेगळे. यादीत नाव आहे की नाही हे ग्रामपंचायतीत जाऊन स्वतः पाहावे, ग्रामसभेस हजर राहावे, आणि नाव घालून देतो म्हणणाऱ्या दलालाला एक रुपयाही देऊ नये. मदत मिळाली तरी ती पूर्ण घराची किंमत नव्हे. तिच्या भरवशावर तीन खोल्यांचा पाया आखला की भिंती दारापर्यंत येऊन थांबतात.

आता कागदपत्रे. ह्यात आपल्या लोकांची अडचण दुहेरी आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशात राहिला. २०२३ साली त्यातून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. घरात मराठी आणि कचेरीत हिंदी, असा आपला संसार आहे. खसरा, नामांतरण, डायवर्शन हे शब्द आपण ऐकलेले असतात, पण कागद वाचून पाहण्याचा संकोच वाटतो. तो संकोच महाग पडतो.

तयार घर किंवा भूखंड विकत घ्यायचा असेल तर पुढील गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तावाचून पुरी होत नाही, १८८२ आणि १९०८ सालच्या कायद्यांनी हे ठरविले आहे. स्टॅम्प कागदावर लिहून, दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन, नोटरीचा शिक्का मारला, म्हणजे घर आपले झाले असे नाही. पैसे देण्यापूर्वी खसऱ्याची ताजी नक्कल काढावी आणि कैफियतीच्या रकान्यात कोणा बँकेचा बोजा लिहिला आहे काय ते वाचावे. शेताचे तुकडे पाडून भूखंड विकले जात असतील, तर निवासासाठी त्या जमिनीचा वापर मंजूर आहे काय, हे तहसील कचेरीत विचारावे. स्वस्त भूखंड बहुधा ह्याच कारणाने स्वस्त असतो. गावठाणातील, म्हणजे आबादीतील, घरांना पूर्वी मालकीचा कागदच नसे, आणि म्हणून त्यांवर बँक कर्ज देत नसे. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी करून असे कागद देण्याचे काम हाती घेण्यात आले. ज्यांचा कागद निघाला असेल त्यांनी तो जपून ठेवावा. त्यावरचे नाव आणि क्षेत्र बरोबर आहे की नाही हे आजच पाहावे, कर्जाच्या दिवशी नव्हे. नोंदणीचा आणि मुद्रांकाचा खर्चही आरंभीच अंदाजात धरावा. स्त्रीच्या नावे खरेदी केल्यास काही सवलत आहे काय, ह्याची चौकशी करावी. सवलत असो वा नसो, पतीबरोबर पत्नीचे नाव दस्तावर असणे योग्यच; तिच्या बांगड्या बहुधा ह्या घरात गेलेल्या असतात.

वडिलांच्या जागेवर घर बांधणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. कॅथॉलिक कुटुंबांस सामान्यतः १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. वडील मृत्युपत्र न करता वारले, तर एक तृतीयांश वाटा आईचा, आणि उरलेला सर्व मुलांचा सारखा. त्यात मुलगा आणि मुलगी असा भेद नाही. लग्न होऊन सासरी गेलेल्या बहिणीचा वाटा संपला, असे आपल्यांतील पुष्कळांस वाटते. ते बरोबर नाही. तेव्हा वाटणी किंवा हक्कसोड, जे काय ठरेल ते, सर्व भावंडांनी गोडीगुलाबीने बसून ठरवावे आणि नोंदणी करून घ्यावी. भिंती उभ्या राहिल्यावर हा प्रश्न निघाला तर घर उभे राहते आणि भावंडे तुटतात. बहिणीला तिचा वाटा पैशाने द्यायचा झाला, तर तोही घराच्याच खर्चात धरावा. तो जमत नसेल तर घर एक वर्ष थांबू द्यावे.

लग्नाविषयी आरंभी म्हटले होते. घराचा पैसा लग्नात घालू नये, असा उपदेश करणे सोपे आहे. मुलीचा बाप तो ऐकत नाही, आणि त्याचे मनही समजण्यासारखे आहे. पण दोन्ही कार्ये पाच वर्षांच्या आत यायची असतील, तर आधी घर व्हावे आणि लग्न त्या घरातून व्हावे. घराचा पैसा एकदा भिंतींत गेला की तो मांडवात आणि बँडबाजात जाऊ शकत नाही. पाहुणे दोनशे कमी येतील.

प्रत्यक्ष बांधकामात कोठे काटकसर करावी आणि कोठे करू नये, हे थोडक्यात सांगतो. काळी कपाशीची माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर उथळ पाया घेतला तर तिसऱ्या वर्षी भिंतीस चीर जाते. मुरूम लागेपर्यंत खोल जावेच लागते, मग पैसे कितीही लागोत. वाटल्यास फरशी, रंग, आतला गिलावा पुढच्या पिकावर टाकावा. छतालाही घाई नाही. दोन वर्षे पत्रे घालून राहिले तरी चालते, मात्र पुढे स्लॅब टाकायचा असेल तर पाया आणि खांब त्या मापाने आधीच घ्यावे. विटा स्वस्त असतील तेव्हा घेऊन रचून ठेवता येतात. सिमेंट तसे ठेवता येत नाही. तीन महिन्यांत त्याची ताकद बरीच उतरते, आणि ओल लागली तर त्याआधीच गोटे होतात. सळई लागेल तितकीच आणावी, पावसाळाभर अंगणात टाकू नये. मजुरीचा करार कामाच्या टप्प्यावर ठेवावा: जोते झाले की इतके, दारावरची पट्टी झाली की इतके. सगळी रक्कम आधी देऊ नये, आणि गवंड्याची झालेल्या कामाची मजुरी अडवूही नये. दिलेल्या प्रत्येक पैशाची सही त्याच वहीत घ्यावी.

काम कधी काढावे, हेही पिकाप्रमाणेच ठरते. पहिल्या वेचणीचा कापूस विकून पाया, नाताळ झाल्यावर भिंती, आणि स्लॅब टाकायचा तर फेब्रुवारीच्या आत टाकावा. त्यावर निदान दहा ते चौदा दिवस पाणी बांधून ठेवावे लागते, आणि एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडील विहिरींना संत्र्याच्या झाडांपुरतेसुद्धा पाणी राहत नाही.